फक्कीवाल्या मॅडम

आमच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षिका दोरी न लावता सरळ रेघ मारायच्या. मैदान आखायच्या फक्कीचं घमेलं डाव्या कमरेवर, उजव्या मुठीतून पांढरी धार सुटलेली, आणि नजर समोरच्या टोकावर. एकदा चालायला लागल्या की मैदानाच्या त्या कडेला पोचेपर्यंत मागं वळून बघायच्या नाहीत. नव्यानं आलेली पोरं हळूच दोरी ताणून तपासायची आणि परत गुंडाळून ठेवायची. ती भुकटी त्यांच्या हाताला, ट्रॅकपँटला, कधी कपाळावरच्या केसांनाही लागलेली असायची. त्यामुळं त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. सगळं धाराशिव त्यांना फक्कीवाल्या मॅडम म्हणायचं. त्यांनाही ते ठाऊक होतं. बाहेरगावचा एखादा पंच फोनवर पत्ता विचारायला लागला की त्याच सांगायच्या, "फाटकावर कुणालाही विचारा, फक्कीवाल्या मॅडम कुठं असतात."

त्यांचा खेळ खो-खो. त्यांच्या मुली कुठंही गेल्या तरी बक्षीस घेऊन यायच्या. आम्ही यंत्र शाखेची पोरं त्यांच्या मैदानाकडं फिरकतही नव्हतो. आमचा जीव कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये होता, जिथं आम्ही स्वतःच्या हातानं एक छोटी शर्यतीची गाडी बांधली होती. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, मोटरसायकलचं इंजिन, एकच माणूस बसेल एवढी जागा. आमचा कप्तान अल्ताफ कळंबचा. त्याच्या वडिलांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि इंजिनाचा आवाज ऐकून त्याला काय दुखतंय ते कळायचं. गाडी चालवणारे आम्ही दोघं, तामलवाडीचा ओंकार आणि मी.

मी सास्तूरची. आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसलेलं, सगळे रस्ते आखीव आणि सरळ. त्या रस्त्यांवर मी वडिलांची मोटरसायकल शिकले, मग शेतात ट्रॅक्टर. वेगाची भीती मला कधी वाटली नाही. पण वळणं काय असतात ते मला पुण्याजवळच्या पहिल्याच स्पर्धेत कळलं. ही इंजिनिअरिंगच्या मुलांची स्पर्धा. तिथं मोकळ्या डांबरी आवारात रबरी शंकू मांडून एक अरुंद, नागमोडी रस्ता आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात, म्हणजे लढत दुसऱ्या गाडीशी नसते, घड्याळाशी असते. शंकू पाडला की वेळ वाढतो, रस्ता चुकला की फारच वाढतो. आणि त्या रस्त्यावर आधी गाडी घेऊन सराव करता येत नाही. फक्त पायी चालून बघून यायचं. पहिल्या वर्षी मी आणि ओंकारनं मिळून इतके शंकू पाडले, की ते पुन्हा उभे करणाऱ्या पोरानं शेवटी आम्हाला हात जोडले.

परत आल्यावर सराव हवा म्हणून अल्ताफ मॅडमकडं मैदान मागायला गेला. मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि शांतपणे नाही म्हणाल्या. "माझ्या मैदानात चाक न्हाय." पण त्यांनी विचारलं, की ही शर्यत नक्की असते कशी. अल्ताफनं त्यांच्याच फक्कीनं फरशीवर रस्ता काढून दाखवला. मॅडम वाकून त्या रेघेचं एकेक वळण बघत गेल्या आणि म्हणाल्या, सराव कराल तिथं मला न्या.

सरावाला आम्हाला गावाबाहेरच्या एमआयडीसीत जागा मिळाली. प्लॉट पाडलेले, रस्ते झालेले, कारखाने मात्र यायचे राहिलेले. ट्रक उभे करायला केलेलं मोठं डांबरी आवार तसंच मोकळं पडलं होतं. कार्यालयातून परवानगी काढून आम्ही रविवारी सकाळी तिथं गाडी न्यायला लागलो. मॅडम पहिल्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन आल्या आणि एका कडेला उभ्या राहिल्या. मी फेरी मारून हेल्मेट काढलं तर म्हणाल्या, "तू शंकूकडं बघतीस. म्हणून त्याच्यावर जातीस."

मी म्हटलं, शंकूकडं बघितलं नाही तर तो चुकवायचा कसा?

"माझ्या मुली बसलेल्या गड्यांतनं पळतात, तेव्हा त्या कुणाकडं बघत असतील? बसलेल्याकडं बघणारी कधीच बाद झालेली असती. ती बघती पुढच्या दोघांतल्या मोकळ्या जागेकडं. जागा बघ. शंकू आपोआप मागं राहतो."

मला ते नुसतं ऐकून पटलं नाही. मग त्यांनी आम्हाला खो-खो खेळायला लावलं. अल्ताफ वैतागला. परीक्षा जवळ आलेली, गाडीचं काम अर्धं राहिलेलं, आणि मॅडम आमच्या दोन्ही ड्रायव्हरना रोज संध्याकाळी मुलींच्या मधून पळवत होत्या. बारावीतून नुकत्याच आलेल्या मुली ओंकारला असं बाद करायच्या, की त्याला पाठीवर थाप बसल्यावरच कळायचं. पण हळूहळू काहीतरी बदललं. माझी नजर पायापासून उचलली गेली. एकदा रविवारी गाडीत बसले आणि पहिल्यांदा जाणवलं, की मी आत्ताच्या वळणात आहे पण डोळे पुढच्या वळणात आहेत, आणि हात त्यांचे ते चालताहेत. त्या फेरीत एकही शंकू पडला नाही. मॅडमनी स्टॉपवॉच अल्ताफच्या हातात दिलं. त्यानं ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून खो-खोच्या वेळेला तोच आम्हाला शेडमधून हाकलायला लागला.

सरावाचा रस्ता आखायचं काम मॅडमनी आपणहून घेतलं. दर रविवारी आमच्या आधी येऊन त्या फक्कीनं नवा रस्ता आखून ठेवायच्या, शंकू मांडायच्या आणि प्रत्येक शंकूच्या बुडाभोवती पांढरी चौकट मारायच्या. शंकू धक्क्यानं हलला तरी उभा आणि चौकटीला शिवून असला तर माफ, असा स्पर्धेचा नियम. तो त्यांनी वाचून काढला होता. एकदा आखलेला रस्ता त्यांनी परत कधी आखला नाही. "पाठ केलेलं चालवणारे ड्रायव्हर मला नकोत," म्हणायच्या.

एका रविवारी ओंकार हट्टानं म्हणाला, की आज रस्ता मी आखणार. त्यानं असा रस्ता काढला, की एका ठिकाणी शंकूंची रांग सरळ जाते असं वाटायचं आणि ऐन वेळी ती उजवीकडं वळायची. मी दोनदा चुकले. ओंकार खूश झाला. मॅडम मात्र त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला जवळ बोलावून म्हणाल्या, "हे फसवणं झालं. रस्ता आखणारानं फसवायचं नसतं, विचारायचं असतं. प्रश्न अवघड असू दे, पण समोर दिसला पायजे." त्यांनी दोनच शंकू हलवले. वळण तेवढंच अवघड राहिलं, पण आता ते लांबून दिसत होतं. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा मला कळलं, की आधी मी नुसती गोंधळत होते, आता मला विचार करायला लागतोय. ओंकारनंही स्वतः चालवून बघितलं आणि मान हलवली.

त्यांचा आणखी एक आग्रह असायचा, तो मात्र आम्हाला फार जाच वाटायचा. रस्ता आखण्याआधी त्या वळणांच्या बाहेरची जागा बघायच्या. "चुकणाऱ्याला पडायला जागा ठेवा," हे त्यांचं वाक्य. त्या आवाराच्या कडेला एकच बाभळ होती आणि तिच्याखाली आमचा टेम्पो, डबे, पाण्याचे जार आणि बसलेली पोरं असायची. उन्हाळ्यातल्या एका सकाळी आम्ही पोहे खायला बसलो, तसं मॅडमनी सगळ्यांना तिथून उठवलं. आजचं मोठं वळण तिकडं तोंड करून होतं. अल्ताफ म्हणाला, मॅडम, ऊन बघा की, वळणापासनं झाड किती लांब आहे. मॅडमनी वाद घातला नाही. स्वतः पाण्याचा जार उचलून उन्हात नेऊन ठेवला. मग सगळ्यांना उठावंच लागलं. अल्ताफनं तोंड पाडून टेम्पो हलवला.

त्याच दिवशी त्या वळणात मागचं चाक घसरलं आणि गाडी माझ्या हातून सुटली. गाडी गरागरा फिरत रस्त्याबाहेर गेली. मला आभाळ, डांबर, आभाळ असं काहीतरी दिसत राहिलं आणि मग सगळं थांबलं. धूळ बसली तेव्हा गाडीचं नाक बाभळीच्या सावलीत होतं, जिथं थोड्या वेळापूर्वी आमची निम्मी टीम पोहे खात बसली होती. पट्टे सोडून मी बाहेर आले. अल्ताफ धावत आला, त्यानं आधी मला बघितलं, मग त्या सावलीकडं. मॅडमनी मला पाणी पाजलं, मान, मनगटं हलवून बघितली. रागावल्या नाहीत, कौतुकही केलं नाही. अल्ताफनं गाडी सगळी तपासून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "हात थरथरायचे थांबले की परत बस. वळण तेच ठेवते. हळू जा, पण जा."

मी गेले. पुढं कधी तसं झालं नाही असं नाही, पण भीती माझ्याबरोबर घरी आली नाही.

हे सगळं शिकवणाऱ्या मॅडमना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. त्या कॉलेजला येताना शहर बसनं नाहीतर चालत यायच्या. एकदा ओंकारनं सहज विचारलं, मॅडम, गाडी घसरते तेव्हा हातात काय वाटतं ते तुम्हाला कसं कळणार? तो उद्धटपणानं बोलला नव्हता. मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं की नाही कळत. आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. पन्नाशी उलटून गेलेली. पहिल्या परीक्षेत गाडी मागं घेताना नापास झाल्या. दुसऱ्या दिवशी मैदानात आल्या आल्या ते त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, आणि आपण कशा घाबरलो त्याची नक्कल करून दाखवली. लायसन निघाल्यावर त्यांनी अल्ताफकडं आमची गाडी मागितली. त्यांचा अंबाडा हेल्मेटमध्ये बसेना म्हणून तो सोडून वेणी घालावी लागली. स्वतःच आखलेल्या रस्त्यावरून त्या इतक्या हळू गेल्या, की ओंकार शेजारून चालत होता. पण एकही शंकू हलला नाही. उतरल्यावर म्हणाल्या, की दोन वळणं चुकीची आखलीत, आत बसल्यावर कळलं. आणि घमेलं घेऊन ती बदलायला गेल्या.

आमच्या शेवटच्या वर्षी प्राचार्यांनी अल्ताफला बोलावून स्पष्ट सांगितलं, की यंदा काही हाती लागलं नाही तर शेड दुसऱ्या कामाला जाईल. त्यांचंही चुकत नव्हतं, तीन वर्षं आम्ही फक्त फोटो आणले होते. आम्ही तसेच स्पर्धेला गेलो. तिथं आमच्यापेक्षा दुप्पट ताकदीच्या गाड्या होत्या. तपासणीत आमच्या गाडीच्या ब्रेकवर शेरा आला आणि अल्ताफनं सगळ्यांना हाताशी बोलावलं. त्याच वेळी रस्ता चालून बघायची घोषणा झाली. अल्ताफ म्हणाला, आधी गाडी पास तर होऊ दे, रस्ता बघून काय करता? मॅडमनी आम्हा दोघांच्या हातातले पाने काढून घेतले. "गाडी तू बघ, अल्ताफ. रस्ता यांना बघू दे. मी धरते, काय धरायचं ते सांग."

आणि त्या खरंच गाडीखाली उजेडासाठी बॅटरी धरून बसल्या. ब्रेक सुटला, पुन्हा बसला, शेरा निघाला. मग त्या रस्त्याकडं आल्या. आत फक्त ड्रायव्हरना सोडत होते, त्यामुळं त्या दोरीपाशी थांबल्या. मी एक चक्कर पूर्ण करून सवयीनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चक्क पाठ फिरवून उभ्या राहिल्या. क्षणभर मला वाईट वाटलं. मग लक्षात आलं, की त्या मला एकटं सोडताहेत.

सगळे ड्रायव्हर शेवटच्या अरुंद वळणाभोवती गोळा झाले होते. गाडी जवळपास उलटी फिरवायची आणि मग सरळ शेवटाकडं. तिथं किती धाडस करायचं यावर चर्चा चालली होती. मॅडमनी आम्हाला शेवटाकडून मागं चालायला शिकवलं होतं. मी तशी निघाले. शेवटी वेग हवा असेल तर अरुंद वळणात बाहेरून शिरायला हवं. बाहेरून शिरायचं तर त्याआधीच्या लांब वळणातून आवरून निघायला हवं. आणि ते जमायचं तर त्याच्याही आधी, ओळीनं मांडलेल्या शंकूंच्या सुरुवातीलाच वेग कमी करायला हवा. मी त्या पहिल्या शंकूपाशी येऊन थांबले. तिथं कुणीच नव्हतं. मला जाणवलं, की हा रस्ता हिंमत विचारतच नाही. तो विचारतोय, सुरुवातीला दम धरशील का?

ओंकारची पहिली फेरी स्वच्छ झाली, दुसरीत एक शंकू गेला. माझी पहिली फेरी आम्हाला वरच्या गाड्यांत घेऊन आली, पण मीच म्हटलं, मी घाबरून चालवलं. दुसऱ्या फेरीला निघण्याआधी मॅडम गाडीजवळ वाकल्या. मला वाटलं काही सांगतील. त्यांनी फक्त हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला.

पहिल्या शंकूला मी वेग सोडला. इतका सोडला, की कडेच्या पोरांना वाटलं इंजिन गेलं. मग गाडी शंकूंमधून अशी निघाली जशी त्या मुली पळायच्या, डावीकडून उजवीकडं, कुठं धसका नाही. ओळीतल्या शेवटच्या शंकूला मागचं चाक घासल्याचं मला कळलं. पण डोळे तोवर लांब वळणात गेले होते, ते मी मागं आणले नाहीत. अरुंद वळणात बाहेरून शिरले, गाडी वळली, आणि समोर मोकळा रस्ता. पूर्ण ताकद दिली.

थांबल्यावर मागं बघितलं तर पंच त्या शंकूपाशी वाकला होता. शंकू हलला होता, पण उभा होता. पंचानं खाली चौकट बघितली, दुसऱ्याला बोलावलं. अल्ताफ माझ्या खांद्याला धरून उभा होता आणि त्याची बोटं रुतत होती. दोघं पंच बोलले, आणि झेंडा वर न करता आपापल्या जागी गेले. दंड नव्हता.

उरलेल्या गाड्या होईपर्यंत आम्ही वेळांच्या फळ्यासमोरून हललो नाही. एकेक मोठी गाडी यायची, गर्जत जायची आणि फळ्यावर आमच्या खाली लागायची. शेवटची गाडी झाली तरी आमचं नाव सगळ्यात वर होतं. ओंकार ओरडत पळत सुटला. अल्ताफ गाडीच्या चाकाला टेकून रडला. मॅडम डांबरावर मांडी घालून बसल्या आणि हसत राहिल्या, कितीतरी वेळ, एखाद्या पोरीसारख्या. मी शेजारी बसले तर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पहिल्या शंकूला दम धरलास, तिथंच मला कळलं."

कॉलेजला ढोल लावून आमचं स्वागत झालं. प्राचार्यांना वाटलं, गाडी मैदानातून मिरवावी. मॅडम फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. मैदानात चाक न्हाय. शेवटी गाडी फाटकाबाहेर ठेवून तिला हार घातले, आणि प्राचार्यही हसत रस्त्यावरच भाषण करून मोकळे झाले. शेड राहिलं. आजही तिथं पोरं गाडी बांधतात आणि संध्याकाळी खो-खो खेळतात.

मॅडम निवृत्त होऊन ओंकारच्याच तामलवाडीला, सासरच्या गावी राहायला गेल्या. मी आता पुण्यात गाड्या तपासण्याचं काम करते. गेल्या दिवाळीत त्यांना भेटायला गेले तर घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं शाळेकडं बोट दाखवलं. शाळेच्या पटांगणात पाचसहा बायका उभ्या होत्या, डोक्याला हेल्मेट, पदर खोचलेले. एक स्कूटी विटांच्या मधून हळूहळू चालली होती आणि मॅडम तिच्यामागून चालत होत्या. केस सगळे पांढरे झाले होते, चाल तीच होती.

त्यांनी माझी ओळख करून दिली ती त्यांच्या थोरल्या जावेशी, शकुंतलाबाईंशी. लायसन निघून महिना झाला होता, पण मागं कुणाला बसवून त्या अजून गावाबाहेर गेल्या नव्हत्या. मॅडमनी मला विचारलंही नाही. जावेला म्हणाल्या, "ही बसती तुमच्या मागं. बाजार करून या."

शर्यत जिंकलेली मी, त्या स्कूटीच्या मागच्या सीटवर दांडी घट्ट धरून बसले. शकुंतलाबाई पहिल्यांदा कच्च्या रस्त्यावर डगमगल्या, मग सावरल्या. शेजारच्या गावच्या बाजारात त्यांनी भाजी घेतली, गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या, बांगड्यांच्या गाडीपाशी उगीचच थांबल्या. घाई नव्हती. येताना त्या मला सांगत होत्या, की इतकी वर्षं दवाखान्यात जायचं म्हटलं तरी पोरगं मोकळं आहे का, दीर मोकळे आहेत का, ते बघायला लागायचं.

पटांगणात परत आलो तेव्हा बाकीच्या बायका भोवती जमल्या. मॅडमनी माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांनी जावेला विचारलं, कसं वाटलं? शकुंतलाबाईंनी स्कूटी स्टँडवर लावली, हेल्मेट काढून काखेत धरलं आणि केस नीट केले.

"उद्या तुळजापूरला जाते," त्या म्हणाल्या. "एकटी."